प्लास्टिकची बॅटरी आणि भावाचे चिमटे

माझ्या मोठ्या भावाचं वारंगा फाट्यावर बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ॲसिडनं त्याच्या पँटला भोकं पडलेली असायची. मी हिंगोलीत खोली घेऊन एम.एस्सी. करते, हे त्याला आधीच खुपायचं. त्यात माझा प्रोजेक्ट बॅटरीचा निघाला.

ॲनिलीनपासून वीज वाहणारं एक प्लास्टिक तयार होतं. त्याचा हिरवा थर स्टीलच्या पट्टीवर चढवायचा, समोर जस्ताची पट्टी, मध्ये जस्ताच्या क्षाराचं पाणी. झाला सेल. चार्ज झाला की थर निळसर काळपट होतो, वापरला की परत हिरवा.

वडील दुकानातच बसायचे. "काय शिकून राहिली पोरी, दाखव तरी," असं त्यांनी किती वेळा म्हटलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तो सेल काचेच्या बरणीत घालून नेला. दुकानाच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला, माझ्या तारा जोडल्या. सेकंद काटा सरकायला लागला. वडील बघतच राहिले. गिऱ्हाईकंही वाकून बघू लागली.

भावाला ते सोसलं नाही.

"बॅटरी हाय ना ही? मंग घे की चार्जिंग," म्हणत त्यानं ट्रकच्या चार्जरचे चिमटे उचलले आणि माझ्या पट्ट्यांना लावले.

"दादा, काढ! बारा व्होल्ट न्हाई सोसत तिला!"

मी पुढं झाले तर त्यानं माझं मनगट आवळून धरलं. पाणी फसफसलं. थर काळा पडला, सोलपटून तळाशी गेला. गिऱ्हाईकं हसली.

"बघा, हे हिचं शिक्षण," तो म्हणाला.

"काहून केलंस रे?" वडील पुटपुटले. त्यांच्या त्या दबक्या आवाजाचाही मला राग आला.

मी बरणीतलं सगळं त्याच्या खुर्चीवर ओतलं आणि मिळेल ती एसटी धरली.

नवी पट्टी केली. परीक्षकांसमोर घड्याळ चाललं. पुन्हा पुन्हा चार्ज केल्यावर थर मरतो, हेही मीच सांगितलं. ती बॅटरी आमच्याकडच्या बाजारात कधी आली नाही, पण मला डिग्री आणि पुढं कॉलेजात नोकरी मिळाली.

माझ्या लग्नाचं आवतण मी भावाला दिलं नाही. आईनं पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तरी दिलं नाही.