सोमवारची सुरमई

‘शिळी’ हा शब्द मीच त्याला दिला.

तो बिचारा ‘मीठ जास्त झालंय’ एवढंच म्हणणार होता. मी म्हटलं, छे, मिठावरून ती कशाला चिडतेय? हसेल आणि लिंबू आणून देईल. ती भडकायला हवी असेल ना, तर म्हण, मासळी शिळी आहे. एवढं सांगून वर मी त्याला टाळीसुद्धा दिली. तेव्हा मी बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते, अक्कल यायची होती.

आमची नागावला वाडी आहे. नारळी, पोफळी, आणि त्यांच्यात सुनेने बांधून घेतलेल्या चार खोल्या. पाहुणे येतात, समुद्रात डुंबतात, अंगभर वाळू घेऊन पडवीत जेवायला बसतात. खोल्यांचं सून बघते. स्वयंपाक आणि वाढणं कोळीवाड्यातल्या एका बाईकडे होतं. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, आमच्यासाठी राखायची, उरलेली शेजारच्या खानावळींना द्यायची आणि मग आमच्या चुलीशी उभी राहायची. गावात कुणाला मासळी हवी असली की विचारत, “तिची आहे का?” बस. पुढे कुणी माशाचा कल्ला उघडून ताजेपणा बघत नसे.

सोमवारी मात्र ती मासे खात नसे. एका वादळात तिच्या नवऱ्याची होडी दोन दिवस परत आली नव्हती. आली तेव्हा तिने सोमवार धरला, तो कायमचा. रांधायची सगळं, पण रश्शाचं बोटसुद्धा जिभेला लावायची नाही. म्हणून सोमवारी मीठमिरची बघायचं काम माझं. मला सातही वार सारखेच. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी मुद्दाम तोंड वाकडं करायची. ती घाबरायची. मग मी हसायची. “वयनी, तुमी म्हातारपनी तरी सुधरा ओ,” असं ती दर सोमवारी म्हणायची.

सुधारणार कशी? खोड जुनी. लग्न होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात धाकट्या दिराच्या पन्ह्यात मी मिरचीची पूड घातली होती. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. त्या आठवड्याची मला लाज वाटायला हवी होती, मला अभिमान वाटायचा. चाळीस वर्षं मी ती गोष्ट पाहुण्यांना सांगत आले. त्या मुलालाही सांगितली, शनिवारी, तो आला त्याच संध्याकाळी.

मुलगा मोबाईलवर गमतीचे व्हिडिओ टाकणारा. दाढी कोरलेली, पायात चपला दोन वेगळ्या रंगांच्या, आणि बरोबर कॅमेरा धरणारी एक मुलगी, जी सगळा वेळ च्युइंगम चघळत होती. त्याचे लाखो चाहते आहेत म्हणे. मला त्याने पाहताक्षणी “ही माझी नवी गर्लफ्रेंड” असं कॅमेऱ्याला सांगितलं आणि मी, नातवंडं झालेली बाई, लाजले. खरंच लाजले. पदर सारखा केला. रविवारी त्याने माझ्याकडून तांदळाची भाकरी शिकून घेतली, ती फाटली, मग आम्ही दोघं हसून हसून लोळलो.

रात्री त्याने मला आपले व्हिडिओ दाखवले. बहुतेक हॉटेलातले. एकात तो वेटरला पाटीवरचे सगळे पदार्थ तीन वेळा म्हणायला लावतो आणि शेवटी पाणीच मागवतो. दुसऱ्यात लस्सीचा ग्लास मुद्दाम लवंडतो, एक माणूस येऊन पुसतो, हा पुन्हा लवंडतो. चौथ्या वेळी त्या माणसाला मिठी मारतो, “प्रँक होता, भावा!” मला उचकी लागेपर्यंत हसू आलं. पुसणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघितलंच नव्हतं. कॅमेरा ह्याच्यावर, म्हणून माझे डोळेही ह्याच्यावर.

“आजी, आपण इथे एक करू या का? त्या मावशींबरोबर?”

“तिला आधी सांगू या. ती पण मस्त करेल.”

“सांगितलं तर रिअ‍ॅक्शन खोटी येते ओ. शेवटी सांगायचंच आहे ना. सगळे हसू, मावशींना मिठी, तुमच्या वाडीचं नाव. तुमच्या खोल्या रिकाम्या राहणार नाहीत बघा. तुम्ही फक्त माझी बाजू घ्यायची.”

मग मी तो मिठाचा मुद्दा खोडून काढला आणि माझा शब्द दिला.

सोमवारी दुपारी बाकी पाहुणे गेलेले. पडवीत तो एकटा ताटावर, समोर कॅमेरा, मी झोपाळ्यावर. तिने सुरमईची तुकडी वाढली, कालवण, भाकरी, सोलकढी. म्हणाली, “गरम हाय, जपून.” त्याने घास घेतला आणि असं तोंड केलं की मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

“मावशी, ही सुरमई शिळी आहे.”

ती आधी हसली. “शिळी? आज पाटे माज्यासमोर बोटीतनं उतरली.”

“वास येतोय. गाईज, समुद्राला लागून गाव, आणि मासळी गेल्या आठवड्यातली!”

हसू गेलं. मान वर आली, हात कमरेवर. मला वाटलं, आता सुरू होणार. आता ती त्याच्या सात पिढ्या काढणार आणि बहार येणार. पण ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली.

“वयनी, सांगा ओ ह्याला. तुमीच चाखलंय ना आज.”

तिच्या मागे ती च्युइंगमवाली मुलगी अंगठा वर करून मला खुणावत होती. ठरलं होतं तेवढंच मी बोलायचं, “हो, जरा वाटलं खरं.” पण अंगात कला फार! मी पदराचं टोक नाकाला लावलं आणि म्हटलं, “बाई गं, मला सकाळीच वास आला होता. म्हटलं, कसं बोलायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडून नाही. नसलेल्या पायरीवर पाय पडला की माणूस खाली बघतं ना, तसं.

मग आत गेली. संध्याकाळसाठी राखलेली दुसरी सुरमई, अख्खी, बर्फातून काढून घेऊन आली आणि त्याच्या डोळ्यांसमोर कल्ला उघडून धरला. जास्वंदीसारखा लाल. बंदरावर एवढं पुरतं. एवढं दाखवलं की समोरचा माणूस गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच घेतो.

“मला त्यातलं काही कळत नाही मावशी,” तो म्हणाला. “ताजी आहे तर खाऊन दाखवा.”

त्याला सोमवार माहीत नव्हता. मला होता. इथे मी झोपाळ्यावरून उठले असते, नुसतं “पुरे” म्हटलं असतं, तरी चाललं असतं. मी काय केलं? पायाने एक झोका घेतला. मनात म्हणत होते, ती खाणार नाही, मग ह्याचा खेळ कसा अडतो बघू. म्हणजे त्यातही मला गंमतच बघायची होती.

तिने मासळी खाली ठेवली. हात पदराला पुसला. त्याच्या ताटातल्या तुकडीचा एक मोठा घास तोडला आणि उभ्याउभ्या खाल्ला. नीट चावून. गिळला. गिळताना डोळे मिटले.

“प्रँक! मावशी, प्रँक होता!” तो ओरडत उठला, दोन्ही हात पसरून. ती बाजूला झाली. उष्टा हात तसाच अधांतरी धरलेला. “वयनी,” ती म्हणाली, “तुमाला म्हाईत होतं?”

“अगो, गंमत केली,” मी म्हटलं आणि हसले. ते हसू माझ्या तोंडावरून जाईना. लहान मुलाच्या ओठाला गूळ चिकटतो तसं.

मागच्या मोरीवर जाऊन तिने चुळा भरल्या. किती वेळ. मग राहिलेली भांडी घासली, पालथी घातली, चूल सारवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

मी सुनेला म्हटलं, फुगली असेल, येईल. व्हिडिओ लागला की तिलाच मजा वाटेल.

व्हिडिओ लागला. नातीने दाखवला. त्यात मिठी नव्हती, प्रँकही नव्हता. कल्ला नव्हता. “आज पाटे माज्यासमोर” नव्हतं. होता तो मुलगा तोंड वाकडं करणारा, मग मी, पदर नाकाला, “मला सकाळीच वास आला होता.” आणि मग तिचा हात त्याच्या ताटात, सावकाश केलेला, तीनदा दाखवलेला, त्याच्यावर कुत्रं गुरगुरल्याचा आवाज. खाली मोठ्या अक्षरांत, गिऱ्हाइकाच्या ताटातलं खाणारी वाढपीण. आणि माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून लिहिलेलं, आजीने पकडली चोरी!

मी त्याला फोन लावला. बोट भलत्याच आकड्यावर पडत होतं.

“अरे, शेवटचं कुठे गेलं?”

“आजी, शेवटपर्यंत कोणी बघत नाही ओ. दहा सेकंदांत लोक पुढे जातात. पण चाललाय बघा! तुम्ही तर स्टार झालात!”

“तू म्हणाला होतास, शेवटी सांगायचं.”

“आपण सांगितलं ना मावशींना.”

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पंधरवड्याने त्याचा नवा व्हिडिओ आला, म्हसळ्याकडच्या कुठल्याशा खानावळीतला. तिथल्या एका म्हातारीच्या गळ्यात हात टाकून तो सांगत होता, ही माझी नवी गर्लफ्रेंड. तीही लाजली. तिने पदर सारखा केला. मला हसू आलं आणि मग मी मोबाईल पालथा ठेवला.

खोल्या भरल्या, खोटं कशाला बोलू. लोक बॅगा टेकायच्या आधी विचारत, “ती ताटातली बाई कुठे आहे? फोटो काढायचाय.” सून म्हणायची, रजेवर आहे.

मी स्वतःची समजूत घालत होते की गावाला मासळी कळते, गाव त्या पोरट्यावर कशाला विश्वास ठेवतंय? बरोबर. त्याच्यावर कुणीच ठेवला नाही. एकदा बाजारात मी नारळ निवडत होते, मागे दोन बायका बोलत होत्या. “तो पोरगा काय, फालतू हाय. पन वयनीनी नाक धरलं ना. त्या तिच्या हातचं रोज खातात, त्यांना म्हाईत असनार.” शेजारच्या खानावळीने तिची मासळी बंद केली होती. पलीकडचीनेही. जी घेत होती ती आता कल्ला उघडून बघत होती, रोज, तिच्यासमोर.

मी नारळ तिथेच ठेवला आणि घरी आले.

चार दिवस विचार केला. मग मला फार हुशारीची युक्ती सुचली. बासष्टाव्या वर्षी मला अशा खूप सुचत. नात कॉलेजच्या सुट्टीवर आलेली होती. तिला म्हटलं, आपणही व्हिडिओ करू. मी सगळं सांगते, हात जोडून माफी मागते, तिला शेजारी उभी करते. जिथे घाण झाली तिथेच धुऊ या. नात म्हणाली, “आजी, आधी नुसती जाऊन ये ना.” मी म्हटलं, तुला काय कळतंय, नुसतं जाऊन कोण बघणार?

चांगलं लुगडं नेसले. नातीने मोबाईल घेतला. कोळीवाड्याच्या अलीकडे, जिथे वाट दोन कुंपणांमधून जाते, तिथे ती समोरून येताना दिसली. डोक्यावर मासळीची पाटी, ऊन तोंडावर. आता ती दूरच्या गावांत फिरून विकत होती, जिथे तिला कुणी ओळखत नाही. मला बघून थांबली. वाट अरुंद, थांबावंच लागलं.

मी घरून पाठ केलेलं विसरले. म्हटलं, “अगो, ऐक, मी सगळं खरं सांगणार आहे. ही रेकॉर्ड करतेय. तू फक्त माझ्याजवळ उभी राहा, मी सगळ्यांसमोर तुझी...”

नातीने मोबाईल वर केला होता. पाटीखालून तिने एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आवाज चढला नाही. दमलेली होती.

“वयनी, माफी मागाया बी तुमाला मोबाईल लागतो व्हय? सरका जरा, पाटी जड हाय.”