मोज्यात कुसळं जातील म्हणून

रहिमतपूरच्या वरच्या अंगाला आमचं गायरान. त्यातली सपाटी अंबूबाईनं राखायला घेतली, तेव्हा गावानं तिला वेडी ठरवलं. गवत गुडघ्याला आलं की गुरं आत, निम्मं खाल्लं की बाहेर. नियम एवढाच. पण तो पाळायला लावायचा म्हणजे रोज कुणाच्या तरी म्हशीमागं पळायचं आणि वर शिव्या खायच्या. सख्ख्या दिरानं बोलणं टाकलं. तिच्या बाजूनं तालुक्याला भांडून माझा घसा बसला. ती मुकाट कुंपणाला काटेरी फांद्या ओढत राहिली.

सपाटीवर पवना, मारवेल ही चाऱ्याची जुनी गवतं परत आली. तरी कुरकुर थांबेना. शेवटी ग्रामसभेत ठरलं, सपाटीची आणि बाहेरची माती तपासायची. राखलेल्या मातीत कर्ब जास्त निघाला तर राखण चालू, न्हाईतर सगळं मोकळं.

माती तपासायला आष्ट्याहून प्रियदर्शनीताई आल्या. आम्ही वर गेलो, तर सपाटीवर ट्रॅक्टरनं रोटर मारून माती उलथलेली. गवताचं पातं शिल्लक नाही.

अंबूबाई ढेकळांतच बसली. "जयराज, काय केलंस रं हे?"

जयराज आमचा सरपंच, फौजेतनं आलेला. "आवं काकू, मॅडमच्या मोज्यात कुसळं गेली असती! इन्स्पेक्शन म्हणल्यावर पलटणीत आमी काडी ठेवत नव्हतो."

"काडीभर अक्कल तरी ठेवायची डोक्यात," मी ओरडलो.

ताईंनी ढेकूळ फोडलं. तुटलेल्या मुळ्यांचं जाळं लोंबत होतं. "गवत हवेतला कर्ब मुळांवाटे मातीत साठवतं. माती अशी उलथली की तो परत हवेत जायला लागतो. आता नमुना घेऊन राखणीचा खरा फरक कळणार नाही. गवत पुन्हा धरू दे, मग बघू."

"म्हंजे कर्ब निघाला न्हाई," म्हशीवाला सिद्धू म्हणाला. "ठरलं ते ठरलं. सोडा गुरं."

"सोड की," अंबूबाई म्हणाली. "काय खानार हायत? ढेकळं?"

सिद्धूनं सपाटीवर नजर फिरवली आणि गुरं खालच्या अंगाला वळवली. जयराज पुटपुटला, "ऱ्हाऊ द्या चराई बंद. गवत आलं की बघू."

जिंकलो म्हणावं तर हे असलं जिंकणं. खायला काही उरलं नाही म्हणून कुरण वाचलं.

अंबूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. ट्रॅक्टर जिथनं आत शिरला होता, तिथं बाभळीची फांदी ओढायला लागली. जयराजनं दुसरं टोक धरलं.

"जपून रं," ती म्हणाली. "मोज्यात कुसळं जातील."

हसलं कुणीच नाही.