डावा नको गं!

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाड्यावर, बाजाराच्या चौकात, भाजीची पिशवी घेऊन टेम्पोची वाट पाहत होते. "सुमे, आत्या गेली गं," दादा एवढंच बोलला. पिशवी खाली ठेवून मी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले. त्याला आता दीडेक महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी... ती सुटली असेल, मी काही सुटले नाही.

कुसुमआत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची आणि शिंदे की छावनी मोहल्ल्यात आमच्याकडेच राहायची. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी आणि सगळंच मोठ्यानं. पण फुगडी घालावी तर तिनंच! मंगळागौर कुणाचीही असो, आत्याला आमंत्रण ठरलेलं. मी नऊ वर्षांची असताना शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. दुपारची जेवणं झाली तसा आत्यानं पदर खोचला आणि मला ओढलं. "चल गं, पाय जोड, मागे झुक, डरना मत!" दोन-चार गिरक्या झाल्या असतील, माझ्या डाव्या खांद्याजवळ कट्‌ झालं. मी किंचाळले. आत्याला वाटलं पोरगी रंगात आलीय, म्हणून तिनं आणखी जोर लावला. मग तिनं माझं तोंड पाहिलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. हाड आतून पोकळ होतं, वरची सालपटं तेवढी राहिलेली. आत पाण्याची गाठ. गाठ म्हटल्यावर आत्यानं डॉक्टरांचा हातच धरला. "कैंसर नहीं है, दीदी," डॉक्टर म्हणाले. "और आपने कुछ नहीं तोड़ा. हड्डी पहले से खोखली थी. बाल्टी उठाती, तब भी टूटती." आत्यानं मान डोलावली आणि त्यातला एक शब्दही मानला नाही.

आधी हात झोळीत बांधून हाड जुळू दिलं. मोडलेलं जुळताना कधीकधी अशी गाठही भरून येते म्हणे. माझी नाही भरली. पुढच्या वर्षी शाळेत दोरीवरच्या उड्या मारताना हात पुन्हा तिथंच मोडला. आता गाठ खरवडून काढायची आणि खड्ड्यात हाडाचे तुकडे भरायचे ठरलं. माझ्या कमरेचं हाड लहान, पुरायचं नाही. घरच्या कुणाचं चालेल, असं डॉक्टर म्हणाले. आई तोंड उघडणार तेवढ्यात आत्या उठलीच. "मोडला मी, भरणार पण मीच!"

हात भरला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आत्याचं हाड हळूहळू विरघळलं, आता सगळं हाड हिचं स्वतःचं आहे. "बरं झालं," आत्या म्हणाली, "माझ्यासारखा धसमुसळेपणा नको तिच्यात." सगळे हसले. मात्र थंडीत तिची कंबर ठणकायची, आणि फुगडी तिनं पुन्हा कधी घातली नाही. माझ्या स्वतःच्या मंगळागौरीलासुद्धा नाही. भिंतीला टेकून नुसती टाळ्या वाजवत बसली.

एक वाक्य मात्र तिनं जन्मभर सोडलं नाही. मी कळशी उचलली, गादी ओढली, की कुठूनही आवाज यायचा, "डावा नको गं!" आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार सोयीचं होतं. चुलत बहिणी भांडी घासायच्या आणि मी राणीसारखी पाटावर. लग्न झालं, लेक झाली, मी तिला त्याच हातावर वाढवली, तरी आत्यासमोर हात जपायची सवय गेली नाही. आत्या, तुझ्यामुळे नाही गं मोडला, हे डॉक्टरांनी सांगितलं, बाबांनी सांगितलं. मी एकदाही नाही. मी म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. हात माझा होता ना.

शेवटची भेट श्रावणातली. ती अंथरुणाला खिळलेली, चिमणीएवढी झालेली. मी गमतीनं दोन्ही हात पुढे केले. "आत्या, एक फुगडी हो जाए?" ती खुदकन हसली. माझा उजवा हात तिनं घट्ट धरला. डावा अलगद उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. "डावा नको गं..." तुझ्यामुळे नाही गं मोडला, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "चहा टाकते."

तेराव्यानंतर सगळे पांगले. मी मागे राहून तिची खोली आवरली, मग फरशी पुसायला मोरीत तिची पितळेची बादली काठोकाठ भरली. डाव्या हातानं उचलली. मोरीपासून तिच्या पलंगापर्यंत नेली. हाताला काहीसुद्धा झालं नाही. मी पलंगाशी बादली धरून बराच वेळ उभी राहिले, पण कुणी ओरडलं नाही.