पाण्यातलं घर

जुनं पळसदेव धरणात बुडून वर्षं लोटली, तरी नव्वदच्या दशकात माझे सासरे, तात्या, रोज तिन्हीसांजेला जुन्या घरी जायला निघायचे. नव्या गावातलं आमचं घर त्यांना परक्याचं वाटायचं. "लोकाच्या घरात किती दिस ऱ्हायाचं?" म्हणायचे. मी दाराला आतून कुलूप घालायची आणि त्यांच्यासमोर बसून राहायची. माहेरच्या लग्नालासुद्धा जाता आलं नाही. जीव नुसता विटला होता.

एका उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि देवळाचं शिखर उघडं पडलं. एकदा डोळ्यांनी बघतील आणि गप बसतील, म्हणून मी आणि नवऱ्यानं त्यांना काठावर नेलं.

तात्यांनी शिखर लगेच ओळखलं. तिथून बोट सरकवत आमच्या घराच्या जागेवर आणलं आणि एकदम ओरडले, "घरात पाणी शिरलंय! माझं लेकरू आत हाय!"

तेव्हापासून ते घरी जायला नव्हे, लेकराला काढायला धावायचे. नवरा दारात त्यांना कवळ घालून अडवायचा. ते त्याच्याच छातीवर बुक्क्या मारायचे, "सोड रं, माझं लेकरू बुडतंय!"

त्यांचं ते एकुलतं लेकरू, मिशा पिकलेलं, त्यांना घट्ट धरून रडायचं. मी कुलूप लावायची.