मातीले न लागलेला नमुना

वलगावच्या रस्त्यावर दोघं आडवे आले, तवा माह्या काखेत कापसाचा नमुना होता अन् पुढं किसन होता.

किसन माहा पुढचा गडी. गाड्या बाजूले करायच्या, आडवा येईन त्याले खांद्यानं ढकलायचं, हे त्याचं काम. मी मागून पळायचो. शेठजीच्या मालातून मूठभर रुई काढून फडक्यात बांधत. तो नमुना गाड्यांच्या आधी अमरावतीले साहेबापाशी पोचवायचा. साहेब म्हणजे विलायती कंपनीचा एजंट. रुई बोटानं ओढून पाहे अन् माल घ्यायचा का नाही ते सांगे. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेले आमचाच कापूस पाह्यजे. मंग काय बाप्पा! ज्याचा नमुना आधी, त्याच्या गाड्या आधी. म्हणून दुसरे शेठ रस्त्यात माणसं उभी करत.

काठी मात्र कोणी उगारत नसे. धरायचं अन् पाडायचं, बस. नमुन्याले माती लागली का काम खलास. मातीची रुई साहेब हातातबी घेत नसे. अन् नमुना एकच माणूस नेणार, मधात बदलाबदली होऊ नये म्हणून. पुढच्या गड्यानं त्याले शिवायचंबी नाही, असा रिवाज होता.

त्या दिवशी साहेब दुपारी अकोल्याले निघणार होता. शेठजीनं सकाळीच तंबी दिली होती, "मागच्या खेपेले तू उशिरा पोचला. आज नाही पोचला तं उद्यापासून घरी बस." गुडघा माहा दिवाळीपासून कुरकुर करून राह्यला होता. पण सांगतो कोणाले?

किसननं एकाले बांधावर लोटलं. मी दुसऱ्याले हूल देऊन वळलो, अन् गुडघाच फिरला. आई गं! पडलो तो पाठीवर, नमुना छातीशी. तो गडी माह्या अंगावर. मी हात वर केला.

"किसन्या, घे!"

"मी कसा घेऊ, दादा? शेठजी काय म्हणतीन?"

"घे म्हणतो ना! पळ लेका!"

त्यानं घेतला अन् सुटला. अंगावरचा गडी पाहतच राह्यला. असं त्यानं कधी पाह्यलं नव्हतं. मंग उठला, मले हात देला, म्हणे, "गुडघा गेला वाटते, भाऊ."

"गेला," मी म्हणलं. त्यानंच मले एका बैलगाडीत बसवलं.

साहेब घोड्यावर बसायच्या आत किसन पोचला. सगळा माल पास झाला. शेठजीनं कोठीवर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत कोठीवर गेलो. शेठजीनं इचारलं, "काल नमुना कोणी पोचवला?"

"किसननं."

"मंग आजपासून किसन पळन."

किसन मान खाली घालून म्हणे, "शेठजी, दादानं देला म्हणून तं…"

"लंगडा बैल कोणी शर्यतीले जुंपते काय?"

मले लय लागलं. चाकरी वाचवाले नमुना देला, अन् देला म्हणूनच चाकरी गेली. किसनचा राग नाही आला, असं म्हणत नाही. खोटं काहून बोलू? आला.

तो माह्या मागं बाहेर आला. म्हणे, "दादा, मले काही तरी सांगून ठेव."

मी म्हणलं, "पाय चालतात तोवर दुसरं काही शिकून घे."

तो हसला. जवान होता, पाय चांगले होते त्याचे.