दोन ठोक्यांचं माप

धारूरच्या बाजारात धोंडप्पा शेटे यांचं भुसारचं दुकान आहे. पोत्यात हात घालून ते सोयाबीनचा एक दाणा काढतात, दाताखाली फोडतात आणि ओल किती ते सांगतात. शेतकरी सहसा वाद घालत नाही, कारण दात व्यापाऱ्याचे असतात.

त्यांची मुलगी शिवांजली केजला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी वर्गातल्या चौदा जणांनी जुन्या अहवालांच्या कपाटातले विषय उचलले. शिवांजलीने मात्र स्वतःचा विषय घेतला, धान्याची ओल. एका धातूच्या नळीत दुसरी बारीक नळी बसवायची आणि मधल्या जागेत धान्य भरायचं. धान्यात पाणी जास्त असेल तर नळ्या जास्त विद्युतभार साठवतात. तो मीटरने मोजला की ओल कळते.

"मग माझ्या दाताचं काय?" धोंडप्पांनी विचारलं.

"त्याला रिटायर करा, अप्पा. तीन तर तसे बी पडलेत."

नळ्या आणि मीटर ती पिशवीत घालून रोज एसटीने न्यायची आणायची. जानेवारीत तिने घरची आणि प्रयोगशाळेची वही शेजारी ठेवली, तेव्हा घोळ दिसला. एकाच पोत्यातलं, हवाबंद बरणीत ठेवलेलं सोयाबीन घरी बारा टक्के ओल दाखवत होतं आणि केजला साडेनऊ. तिने तारा बदलल्या, मीटरचे सेल बदलले. फरक तेवढाच राहिला.

मार्गदर्शक प्रा. तौर यांनी दोन्ही तक्ते पाहिले. "धारूरहून केजला येईपर्यंत अडीच टक्के पाणी एसटीत सांडतं का?" वर्ग हसला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपर्यंत आकडे जुळले नाहीत तर कपाटातला विषय घे. परीक्षकांपुढे मला हे ठेवता येणार नाही."

तो गुरुवार होता.

केजला शिवांजली नळी स्वतःच भरायची. घरी ती मीटर वाचायची आणि तिची आई नीलाबाई नळी भरून द्यायच्या. शनिवारी नीलाबाई गिऱ्हाइकात अडकल्या होत्या, म्हणून शिवांजलीने स्वतःच नळी भरली. मीटरवरून ओल निघाली साडेनऊ. घरात पहिल्यांदाच.

नीलाबाई आत आल्या आणि नळीत डोकावल्या. "पोकळ माप कावून भरलीस गं?"

"पोकळ कुठंय? काठोकाठ हाय."

"ठोकलं न्हाईस."

त्यांनी नळी उचलून ओट्यावर दोनदा ठोकली. धान्य दोन बोटं खाली बसलं. वर मूठभर घातलं, तळहात फिरवून सपाट केलं. आता ओल बारा आली.

नीलाबाई बावीस वर्षं दुकानात किरकोळ धान्य मापून देतात. दोन ठोके दिल्याशिवाय माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत जात नाही, हा त्यांच्या सासूबाईंपासूनचा दुकानाचा रिवाज. न ठोकलेल्या मापात दाण्यांपेक्षा हवाच जास्त जाते.

"मला आधी सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलीस का? आन दुकानदाराच्या पोरीला माप भरायचं काय शिकवायचं?"

रविवारी दोघींनी तेच सोयाबीन वीस-वीस वेळा भरलं आणि दुकानाच्या काट्यावर तोललं. शिवांजलीची मापं चारशे अठरा ते चारशे छत्तीस ग्रॅम भरली. नीलाबाईंची चारशे अठ्ठेचाळीस ते चारशे पन्नास.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये दाणे वाळायला टाकले. दुसऱ्या दिवशी वजनातली घट मोजली, तर खरी ओल बारा टक्के निघाली. चुकत होतं ते प्रयोगशाळेतलं माप. तौर सरांनी स्वतः तीनदा नळी ठोकून भरली. वजनं एकमेकांशी जुळेनात. "म्हणजे मलाही येत नाही," ते म्हणाले आणि विषय कायम ठेवला. चुकलेला तक्ता मात्र काढून टाक, असं त्यांनी सुचवलं.

"राहू द्या सर. कशानं चुकलं ते त्याच्यावरूनच कळतंय."

तक्ता राहिला. अडलं ते पद्धतीच्या प्रकरणात. तिथे तिने आईचं नाव लिहिलं होतं.

"आईवडिलांची नावं आभाराच्या पानावर. इथे व्यक्तीचं नाव घालत नाहीत."

"उपकरणाचं घालतात की, सर."

सरांनी ते पान पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.

मार्चमध्ये बाहेरून आलेले परीक्षक चौदाव्या पानावर थांबले. तिथे मीटर आणि वजनकाट्याच्या खाली तिसरी ओळ होती: 'माप भरणे – नीलाबाई धोंडप्पा शेटे, अचूकता एक ग्रॅम कमी-जास्त.'

"ही अचूकता कशावरून?" त्यांनी विचारलं.

शिवांजलीने वीस वजनांचा तक्ता उघडून समोर ठेवला. परीक्षकांनी आकडे वरून खालपर्यंत पाहिले आणि त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली. प्रकल्पाला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळाले. वर्गात तेच सर्वाधिक होते.