अकोल्याची फुकट पाहणी

राजापेठेत खाणावळ काढायचं मी ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. आधी दुसऱ्यांच्या हातचं खाऊन बघायचं. तेही अमरावतीत नाही, कारण इथं सगळे त्यांना ओळखतात आणि त्या सगळ्यांना नावं ठेवतात. म्हणून आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो.

एका नावाजलेल्या खाणावळीत पाटोडी-रस्सा मागवला. सासूबाईंनी रस्सा हुंगला, भाकर उलटून पाहिली, मग थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मालक धावत आला.

"काय पायजे, मावशी?"

"काई नाई. सर्वे करून राहिलो आमी."

मालकाचा चेहरा पडला. आमची ताटं उचलली गेली, नवी आली. वर तूप आलं, पापड आला, शेवटी शिराही आला. पैसे द्यायला गेले तर त्यानं हात जोडले. "ताई, लाजवू नका. फक्त वर चांगलं लिहा." वर म्हणजे अन्न खात्याकडे, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. सासूबाईंना आधीच कळलं होतं. त्या तृप्त होऊन झोपल्या होत्या.

खाणावळ सुरू झाली. वर्ष संपल्यावर मी सासूबाईंना घेऊन कर सल्लागाराकडे गेले. तो शांतपणे एकेक कागद बाजूला करत होता. फ्रिज आणि शेगडीवर घसारा मिळेल. उद्घाटनाला सगळ्या गल्लीला जेवू घातलं, ते पुण्य तुमचं, कर खात्याचं नाही. धंदा सुरू व्हायच्या आधी केलेली बाजारपाहणी मात्र चालेल.

"मग अकोल्याच्या जेवणाचं बिल द्या," तो म्हणाला.

"त्यानं पैसेच घेतले नाहीत."

"का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपती बघत होत्या.

"जो खर्च झालाच नाही, तो वजा कसा करू?" त्यानं पेन खाली ठेवलं. "बसची तिकिटं तरी आहेत?"

तिकिटं होती. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे रक्कम बघून त्यालाच वाईट वाटलं. आणि तीही एकदम मिळणार नव्हती. असा आधीचा खर्च पाच वर्षांत सारखा वाटून वजा होतो, दरवर्षी पाचवा हिस्सा.

"अर्ध्या तिकिटाचा पाचवा हिस्सा?" मी विचारलं.

"कायदा आहे."

सासूबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे आमी अकोल्याले पाच वर्सं जाऊनच राहिलो म्हना."

तो हसला नाही. मीही ओठ दाबून धरले.

खाणावळ चालली आहे. शिकवणीची पोरं रश्शासाठी रांग लावतात, आणि सासूबाई गल्ल्यावर बसून त्यांना नावं ठेवतात. यंदा तिसरा हिस्सा वजा झाला. त्या हिशेबानं आमची बस आता कुठं वाटेतल्या मूर्तिजापूरला पोचली असेल.